बेत ज्याचा, छोटा कप त्याचा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. जुना म्हणजे बाहेरून. पत्रा छत्तीस वर्षांचा आणि आतली काच पाच वर्षांची, त्यामुळे कोणी वय विचारलं तर कोणाचं सांगावं, असा मला प्रश्न पडतो. रंग मूळचा हिरवा. आता हिरवा कमी आणि पत्रा जास्त. डोक्यावर मोठा कप पालथा घातलेला, त्याच्या पोटात छोटा कप, त्याखाली बूच, आणि बुचाखाली या क्षणी दोन कप चहा. भरून तासही झालेला नाही.

मी बसमध्ये आहे. चौदा नंबरच्या. खिडकीपाशी बाई बसल्या आहेत आणि शेजारच्या जागेवर मी. कंडक्टरने मघाशी विचारलं, इथे कोणी बसणार आहे का. बाई म्हणाल्या, "हो."

ते खोटं आहे. तिथे किल्लीवाले बसायचे. किल्लीवाले म्हणजे बाईंचे यजमान. बाजारात त्यांचं किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं, एक माणूस बसला की भरून जाणारं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आणि बाई म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेची भांडी सांभाळलेल्या बाई. निवृत्त झाल्या तरी सगळे बाईच म्हणतात, मीही म्हणतो.

माझं बूच शेवटच्या थांब्याच्या आधी उघडायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. म्हणजे तुम्हाला सांगायला मला तेवढा वेळ आहे. आज ते उघडेल की नाही, हे मात्र मला माहीत नाही. गेल्या दोन वर्षांत बाईंनी मला तीनदा भरलं. तिन्ही वेळा याच बसमध्ये बसल्या, तिन्ही वेळा मध्येच उतरल्या आणि उलट दिशेची बस धरून घरी आल्या. चहा बेसिनमध्ये ओतला. आज चौथी खेप आहे.

माझ्या अंगावर चार पोचे आहेत. त्यांच्यावर बोट ठेवत ठेवत सांगतो.


बुडाचा पोचा

त्याआधी थोडं जन्माचं. एका कारखान्यात एका माणसाने नळी फुंकून एका बाटलीच्या आत दुसरी बाटली बसवली. दोन्हींच्या मधली हवा यंत्राने ओढून काढली आणि टोक वितळवून बंद केलं. मग त्या काचेला हा पत्र्याचा अंगरखा मिळाला. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीही नाही. बाई पुढे प्रयोगशाळेत मुलांसमोर मला वर धरून विचारायच्या, की यात चहा गरम कशामुळे राहतो? कोणी म्हणे काचेमुळे, कोणी म्हणे चकाकीमुळे. बाई म्हणायच्या, मधल्या काहीच-नाहीमुळे. मुलांना ते पटायचं नाही. मलाही खूप उशिरा पटलं, आणि तेसुद्धा अर्धंच.

या दोघांच्या लग्नात तीन थर्मास आले. एक नणंदेने नेला, एक कोणाच्या तरी लग्नात पुढे गेला, आणि मी चार वर्षं खोक्यात राहिलो. आजारी माणसाशिवाय थर्मास बाहेर काढायचा नाही, अशी त्या घरची समजूत. तुमच्याही घरी असेल.

मग किल्लीवाल्यांचे वडील, आबा, घसरून पडले आणि दोन महिने दवाखान्यात राहिले. रोज दुपारी मी बाईंच्या पिशवीत. एके दिवशी बाई वॉर्डात शिरल्या तर आबांची खाट रिकामी, आणि नर्स चादरीची घडी घालते आहे. बाई जागीच थांबल्या. तेवढ्यात किल्लीवाले आले. म्हणाले, दादा सकाळीच आबांना त्याच्या घरी घेऊन गेला, तुला कळवायचं राहूनच गेलं.

बाईंनी मला त्यांच्यासमोर धरलं. मग त्यांनी विचारलं, "आणि या चहाचं काय करायचं?"

"घरी जाऊन पिऊ."

"घरचा चहा घरी प्यायला थर्मास कशाला?"

दवाखान्यासमोर बस उभी होती. बाई म्हणाल्या, चला. किल्लीवाल्यांनी विचारलं, कुठे. बाई म्हणाल्या, ही जाईल तिथं. त्यांनी नंबर बघायला मान वर केली, तोवर बाई आत जाऊन बसल्यासुद्धा होत्या.

तुम्हाला किल्लीवाल्यांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांचा न्हावी ठरलेला, रस्ता ठरलेला, रस्त्याची बाजूही ठरलेली. काही नवं सुचवलं की त्यांचं एकच वाक्य: "आहे ते काय वाईट आहे?" बाईंचंही एकच: "करून तर बघू." या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालला होता.

बस शेवटच्या थांब्याला गेली. तिथे विटांची भट्टी होती आणि एक कुत्रं. उतरताना मी पिशवीतून निसटलो आणि पायरीवर आपटलो. बुडाला पोचा आला, काच वाचली. भट्टीच्या कठड्यावर बसून त्यांनी मला उघडलं. छोटा कप आणि मोठा कप बघून किल्लीवाले म्हणाले, "खोड तुझी, तेव्हा छोटा तुला. मला फरपटत आणलंस, मोठा माझा." बाईंना ते न्याय्य वाटलं. त्या दिवसापासून नियम झाला. ज्याचा बेत, त्याला छोटा कप; जो फरपटत आला, त्याला मोठा.

परत येताना बाई म्हणाल्या, आपण दोघंही पहिल्यांदाच आलो अशी ही पहिली जागा. माहेरी मी आधी होते, सासरी तुम्ही आधी होतात. इथे कोणीच आधी नव्हतं. म्हणून दुसरा नियम झाला. कुठल्याही बसच्या शेवटच्या थांब्याला एकट्याने जायचं नाही.


कमरेचा पोचा

शहरात बसचे बावीस नंबर होते. बाईंनी बसमार्गांचा नकाशा मिळवून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. एक नंबर झाला की त्या रेषेवर लाल पेन्सिल फिरायची. घाई नव्हती. कधी वर्षाला दोन नंबर, कधी एकच. अधल्यामधल्या सुट्ट्यांना दुसरं काहीतरी. एकदा दोघं न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसली आणि दुसऱ्या कोणाच्या तरी शेताच्या बांधाचं भांडण संपेपर्यंत उठली नाहीत. एकदा स्टेशनवर जाऊन, ज्यांना पोहोचवायला कोणी आलं नव्हतं अशा माणसांना हात करून आली. एका म्हाताऱ्याने खिडकीतून ओरडून विचारलं, तुम्ही कोण, आणि गाडी सुटली. एकदा दोघांनी एकमेकांचे केस कापले. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं हसली तेव्हा बाई म्हणाल्या, प्रयोग फसला तरी त्याची नोंद करायची असते, ही ती नोंद.

या सगळ्यात छोटा कप कायम बाईंचा. पंधरा वर्षं.

मग एका सुट्टीच्या दिवशी किल्लीवाले चपला घालता घालता, बाईंकडे न बघता म्हणाले, की आपण वल्हवायला शिकू या का. बागेतल्या तळ्यात बोटी मिळतात, असं गिऱ्हाईक सांगत होतं. बाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

बोट काही पुढे गेली नाही. किल्लीवाल्यांचे हात कानशीने घासून घासून मजबूत, बाईंचे काचेची भांडी धरून हलके. बोट गोल गोल फिरत राहिली. काठावरचा माणूस ओरडून सांगत होता, ताई, तुम्ही जरा जोर लावा, नाहीतर दादा, तुम्ही जरा कमी लावा. किल्लीवाले म्हणाले, इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बाई हसता हसता मागे कलंडल्या, वल्हं सुटलं आणि माझ्या कमरेत बसलं.

काठावर आल्यावर किल्लीवाल्यांनी मला उघडलं, मोठा कप भरून बाईंना दिला आणि छोटा स्वतः घेतला. घरी गेल्यावर बाईंनी माझ्या कमरेच्या पोच्यावरून अंगठा फिरवला, दोनदा.


खांद्याचा पोचा

हा कुठून आला, मला आठवत नाही. सगळंच आठवायला हवं असं नाही.


(बस भरली आहे. एक बाई लहान मूल घेऊन उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे. आमच्या बाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं आणि जागा दिली. आता शेजारी कोणी आहे. तरी बाई खिडकीलाच चिकटून बसल्या आहेत, जशी मध्ये आणखी एका माणसाची जागा सोडलेली असावी.)


जिथे पोचा नाही

माझी डावी बाजू अगदी गुळगुळीत आहे. इथे मला काही लागलं नाही. हीच जागा सगळ्यात जास्त दुखते.

एकवीस नंबर झाले. नकाशावर एक रेषा उरली, चौदाची. ती दोघंही पुढे ढकलत राहिली. आज पाय दुखतात, आज पाहुणे येतील, चौदा नंबर कुठे पळून जातोय. ताटातला शेवटचा घास जिभेवर रेंगाळावा म्हणून माणूस थांबतो, तशी ती थांबली होती.

एका मंगळवारी किल्लीवाल्यांचा घसा बसला होता म्हणून बाईंनी त्यांच्याबरोबर मला दुकानात पाठवलं. दुपारी निरोप आला, की एका म्हातारबांची तिजोरी उघडत नाही, या. पत्ता होता चौदा नंबरच्या शेवटून दुसऱ्या थांब्याचा. किल्लीवाल्यांनी पत्ता दोनदा वाचला. शेवटून दुसरा म्हणजे शेवटचा नव्हे. ते बसमध्ये बसले.

तिजोरी अर्ध्या तासात उघडली. त्यात नुसती पत्रं होती. म्हातारबा ती उघडून वाचायला बसले आणि किल्लीवाले आहेत हेही विसरले. किल्लीवाले बाहेर आले. थांब्यावर उभे राहिले. परतीची बस समोरच्या बाजूने यायची होती. आली ती या बाजूने. एकच थांबा तर आहे, नुसतं बघून येऊ, चहा उघडायचा नाही, असं ते माझ्याशी बोलल्यासारखे पुटपुटले आणि चढले.

शेवटच्या थांब्यावर काहीच नव्हतं, एक पाण्याची उंच टाकी सोडली तर. पण टाकीला वळसा घालून मागे गेलं की तळं होतं, काठावर एक वाकडं झाड आणि झाडाखाली बाक. बावीस नंबरांत इतकी छान जागा दुसरी नव्हती. किल्लीवाले बाकावर बसले. घसा खवखवत होता. त्यांनी मला उघडलं. छोटा कप भरला, कारण बेत त्यांचा होता. आणि हात सवयीनेच पुढे चालला, त्याने मोठा कपही भरला आणि शेजारी ठेवला.

त्या कपाकडे ते बघत राहिले. वाफ गेली. साय धरली. मग त्यांनी तो झाडाच्या बुंध्याशी ओतला, दोन्ही कप रुमालाने पुसले आणि परतीच्या बसमध्ये सगळा वेळ ओठ हलवत बसले. ते पाठ करत होते. आज सांगून टाकायचं.

दार बाईंनीच उघडलं. चेहरा असा फुललेला, की काय विचारता. म्हणाल्या, "आज शाळेत बसल्या बसल्या ठरवलं. येत्या सुट्टीला चौदा नंबर. आता थांबायचं नाही."

किल्लीवाले म्हणाले, "हो."

मित्रांनो, सगळ्या जगातली कुलपं उघडणारा माणूस, आणि त्याला स्वतःचं तोंड उघडता आलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तिघं निघालो. किल्लीवाले खिडकीबाहेर नवलाने बघत होते, जरा जास्तच नवलाने. शेवटच्या थांब्यावर बस थांबली. बाई उतरून उभ्या राहिल्या, इकडे तिकडे बघत, हसत, आता कुठे बसायचं याचा अंदाज घेत. आणि किल्लीवाले सरळ चालायला लागले. टाकीच्या डाव्या बाजूने, वळसा घालून, मागे. पाय आपले नेहमीच्या रस्त्याने निघाले. ठरलेल्या रस्त्याने चालायची त्यांची जन्माची खोड, आणि एकदा गेलेला रस्ताही त्यांच्या पायांना ठरलेलाच वाटे.

बाई बाकापाशी आल्या. टाकीकडे बघितलं, थांब्याकडे बघितलं. थांब्यावरून बाक दिसत नव्हता.

"तुम्हाला कसं माहीत, इथे बाक आहे ते?"

किल्लीवाले म्हणाले, "पाण्याचा वास आला."

बाई बसल्या नाहीत. माझं बूच उघडलं गेलं नाही. घरी आल्यावर बाईंनी मला रिकामं केलं, घासलं, पालथं घालून वाळवलं आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवलं. नकाशावरच्या चौदाच्या रेषेवर लाल पेन्सिल फिरवली नाही. दार बंद केलं.


वरून

वरून माणसं वेगळी दिसतात. चेहरे दिसत नाहीत, भांग दिसतात. सात वर्षं मी दोन भांग बघितले. एक रुंद होत गेला, एक पांढरा. सकाळी पांढरा भांग गॅसपाशी, रुंद भांग टेबलापाशी. मग रुंद भांग दाराबाहेर. संध्याकाळी दोन्ही टेबलापाशी, मध्ये भाजीचं भांडं. भांडण नव्हतं. मीठ द्या, घ्या, दूधवाला आला होता, बरं.

किल्लीवाल्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा त्यांनी कुठल्या तरी प्रदर्शनाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. कसं होतं ते मला सांगा." पुन्हा एकदा वल्हवण्याचं विचारलं. बाई तेच म्हणाल्या, त्याच आवाजात. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. तोंडातून माफी निघत नव्हती, आणि बाईंच्या तोंडून प्रश्न निघत नव्हता. एकाला वाटे, विचारलं की सांगीन. दुसरीला वाटे, सांगितलं की विचारीन.

दोन भिंती, आणि मध्ये काहीच नाही. माझ्यात त्यानेच ऊब टिकते. घरात टिकत नाही, हे मला तिथे बसून कळलं.

एकदा भाची सुट्टीला आली होती. तिने मान वर करून विचारलं, मामी, हा छान थर्मास वापरत का नाहीस गं? पांढरा भांग गॅसकडे वळला.

"दवाखान्यासाठी ठेवलाय."

माझ्यावर धूळ होती ती बरी. नाहीतर मला रडता येतं का, हे त्या दिवशी दिसलं असतं.


गळ्याचा पोचा

आणि दवाखान्याची वेळ आली. किल्लीवाल्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चहाला परवानगी दिली. बाई धावतपळत घरी आल्या, स्टुलावर चढल्या, मला ओढलं. हात ओला होता की घाई होती, कोण जाणे. मी फरशीवर गळ्यावर पडलो. आत जे झालं ते मला सांगता येत नाही. एकतीस वर्षं जे मी होतो, ते खुळखुळायला लागलं.

बाई माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. मला हलवून बघितलं. खुळखुळ. पुन्हा हलवलं. मग त्यांनी मला पोटाशी धरलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या. माझ्यासाठी नाही, एवढं मला कळतं.

साधा उपाय होता. नवा थर्मास घ्यायचा. पहिल्या दुकानदाराने तेच सांगितलं. याच्या काचा आता येत नाहीत, हा भंगारात द्या. दुसऱ्यानेही. बाई तिसऱ्या दुकानात गेल्या, मग चौथ्या. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने मागच्या फळीवरून पेंढ्यात गुंडाळलेली एक काच काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, ही कोणी मागेल असं वाटलं नव्हतं. अशी मला दुसरी काच मिळाली.

बाई मला घेऊन वॉर्डात शिरल्या. खाट रिकामी होती. नर्स चादरीची घडी घालत होती.

मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं. बाईंनाही तेच वाटलं. काच नवी होती, पण पत्र्याला सगळं आठवत होतं. नर्स म्हणाली, अहो, त्यांना चालायला लावलंय, येतील एवढ्यात. आणि लांबलचक व्हरांड्यातून, भिंतीला हात लावत, एक एक पाऊल मोजत किल्लीवाले आले. ठरलेल्या बाजूने.

ते बसल्यावर बाईंनी बूच उघडलं. दोन्ही कप हातात घेऊन त्या थांबल्या. किल्लीवाल्यांनी हळूच विचारलं, "इथे यायचा बेत कोणाचा म्हणायचा?"

"डॉक्टरांचा," बाई म्हणाल्या. "छोटा त्यांना देऊन येऊ का?"

किल्लीवाल्यांना हसू आलं आणि टाके दुखले. दुखणं ओसरेपर्यंत ते डोळे मिटून बसले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "त्या दिवशी मी दोन्ही कप भरले होते."

कुठल्या दिवशी, हे बाईंनी विचारलं नाही.

"हाताच्या सवयीनं. मोठा बाकावर ठेवला, तुझ्या बाजूला. साय धरेपर्यंत बघत बसलो."

"मग?"

"झाडाला घातला."

बाईंनी हातातले दोन्ही कप खाटेवर ठेवले. शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "सात वर्षं मला वाटत होतं, तुम्ही तिथं एकटे मजेत बसला होतात. दोन चमचे साखरेचा चहा, झाडाला. मुंग्या लागल्या असतील बिचाऱ्याला."

"मग काय करायचं होतं?"

"पिऊन टाकायचा. माझा कप होता ना तो? तुम्ही प्यायला असतात तर मला पोहोचला असता. झाडाला कशाला?" मग आवाज सावरून त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला न्यायचं. आणि कधी एकट्यानं जायची पाळी आलीच, तर दोन्ही कप प्यायचे. वाया घालवायचा नाही."

"ठरलं," किल्लीवाले म्हणाले.

दवाखान्यातून घरी जाताना रिक्षातून त्यांना चौदा नंबर दिसली आणि ते लहान मुलासारखे ताठ बसले. पाटीवर नवं नाव होतं. तळ्याच्या पुढे तीन थांबे रस्ता वाढला होता. म्हणजे तळं आता शेवटचा थांबा राहिलेलंच नव्हतं. महिन्याभराने दोघं गेली. तिथे खडीचा ढीग होता, बाकी काही नाही. खडीवर बसून, बेत कोणाचा यावर दोघं भांडली, आणि शेवटी एकाच छोट्या कपातून आळीपाळीने प्यायली. मोठा कप माझ्या डोक्यावर उगाच बसून होता. घरी आल्यावर लाल पेन्सिल फिरली. नंतरची तीन वर्षं मी कपाटावर चढलो नाही.

मग एका सकाळी टेबलापाशी, पोळीचा तुकडा मोडता मोडता किल्लीवाले म्हणाले, "पुढच्या सुट्टीला आपण". आणि वाक्य तिथेच राहिलं.


(बस तळ्यापाशी थांबली. पाण्याची टाकी दिसते आहे. तिन्ही वेळा बाई इथेच उतरल्या होत्या. आताही त्या अर्ध्या उठल्या आहेत. मूल मांडीवर घेतलेल्या बाईने पाय आखडून वाट दिली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आहे आणि तो बघतो आहे. बाईंचं एक बोट माझ्या कमरेच्या पोच्यावर आहे. बाई खाली बसल्या. घंटी वाजली.)


रस्ता पुन्हा वाढला आहे, मित्रांनो. खडीच्या ढिगापुढे आणखी दोन थांबे. बाईंनी ते गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्री घेऊन ती बातमी कापली, मग कुठे चिकटवावी ते न कळून माझ्याखाली ठेवली. ज्या नियमासाठी त्यांनी सात वर्षं घर गार केलं, तोच नियम आज त्या मोडताहेत. शेवटच्या थांब्याला एकट्याने जायचं नाही. मी बरोबर आहे, पण मला गणतीत धरायचं नाही. मी तेव्हाही बरोबर होतो.

आता जे सांगायचं ते बूच उघडण्याआधी सांगून टाकतो. तुमच्या घरात कपाटावर, माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखा कोणी असेल. त्याला दवाखान्याची वाट बघायला लावू नका. खाली काढा, आधी कोमट पाण्याने विसळा, एकदम उकळतं ओतू नका, काच तडकते. मग त्याला कुठेही न्या, फार लांब नको, तुम्ही कधी उतरला नाहीत अशा थांब्यापर्यंत पुरे. आणि कोणावर रागावलात तर प्रश्न त्याच दिवशी विचारा. सात वर्षांनी विचारलं तरी उत्तर तेच असतं, फक्त त्यावर साय धरलेली असते.

बस थांबली. सगळे आधीच उतरले आहेत. बाई शेवटच्या.

इथे नव्या घरांचे नुसते खांब उभे आहेत. एक नळ आहे, सिमेंटचा एक पाइप आडवा पडला आहे आणि त्याच्याजवळ कोणीतरी लावलेलं, कुंपण घातलेलं, गुडघ्याएवढं झाड. बाई पाइपावर बसल्या. बूच फिरलं. वाफ आली. पाच वर्षांची काच असूनही मी बरा टिकवला होता चहा, हे मला सांगायलाच हवं.

बाईंनी दोन्ही कप भरले आणि थोडा वेळ विचार केला.

"बेत तुमचा होता ना?" त्या म्हणाल्या. "काय होता देव जाणे. पण तुमचा होता." आणि छोटा कप त्यांनी शेजारी, पाइपाच्या सावलीच्या बाजूला ठेवला. स्वतः मोठा घेतला. फरपटत आल्या होत्या त्या.

मोठा कप संपायला वेळ लागला. कंडक्टर बसच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता आणि इकडे बघत नव्हता. मोठा संपल्यावर बाईंनी छोटा उचलला. साय अजून धरली नव्हती. त्यांनी तोही प्यायला, हळू हळू, तळापर्यंत.

झाड अगदी हाताशी होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.